एक गुंज औषध

फार जुनी गोष्ट आहे बरं का. इतकी जुनी, की त्या राज्यांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत. एक राज्य डोंगराच्या माथ्यावर होतं, दुसरं पायथ्याशी. बारीकसारीक किमती वस्तू वरचे लोक वाल नावाच्या वजनाने तोलायचे आणि खालचे गुंजेच्या बीने. आमचंच माप खरं, असं दोघंही म्हणायचे. आता यात भांडण्यासारखं काय आहे, सांगा! पण भांडायचे.

वरच्या राज्यात एक मापाडी होता. धान्य असो की केशर, त्याने तोललं की लोक पुन्हा बघत नसत. माणूस सचोटीचा, पण भारी मानी. मला माप शिकवणारा अजून जन्मायचाय, असं चारचौघांत म्हणायचा.

त्याला एकुलती एक मुलगी, सगुणा. बापाच्या रिकाम्या पारड्यात चिंचोके टाकत बसायची. एकदा तिला ताप भरला, तो काही केल्या उतरेना. शेवटी मापाडी डोंगर उतरून खालच्या राज्यातल्या म्हाताऱ्या वैद्यांकडे गेला.

वैद्यबुवांनी एका मुळीची पूड बांधायला घेतली. म्हणाले, "बाबा रे, ही मुळी विषारी आहे. नेमकी दिलीस तर औषध, जास्त झाली तर काळ. रोज एक गुंज द्यायची. तुमच्या एका वालात आमच्या तीन गुंजा बसतात, ध्यानात ठेव. थांब, तोलायला गुंजाच देतो तुला." आणि त्यांनी डबीतून चार लाल बिया काढल्या.

मापाड्याला ते लागलं. बियांकडे न बघताच तो म्हणाला, "बुवा, मापाड्याला माप देता होय? आमच्या सात पिढ्या तराजूवर गेल्या!"

वैद्यबुवांनी बियांवर मूठ मिटली. पुडी बांधून त्यांनी त्याच्या हातात दिली.

डोंगर चढताना तो वाटभर घोकत होता, "एकाला तीन, एकाला तीन." डोक्यात पोरीचा ताप, पायांत घाई. आकडे राहिले, पण एक कशाचा आणि तीन कशाचे, ते उलटंपालटं झालं. एका गुंजेचे तीन वाल, असं धरून तो घरात शिरला.

सकाळची वेळ होती. त्याने तराजू काढला आणि तीन वाल पूड तोलली, अगदी काटेकोर. बायको बघतच राहिली.

"अहो, एवढीशी पोर आणि एवढी पूड? परत जाऊन एकदा विचारून या ना."

"तू मला तोलायला शिकवू नकोस!"

पण त्याच्याही मनात शंका आली होती, बरं. आली होती! मात्र परत जायचं म्हणजे वैद्यबुवांसमोर मान खाली घालायची. त्याने पूड मधात कालवली आणि मुलीला चाटवली.

"बाबा, जीभ बधिर झाली," सगुणा म्हणाली. मग तिचे हातपाय गार पडत गेले. दिवेलागणीच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने उरलेली पूड उकिरड्यावर झटकली, तेव्हा पुडीच्या तळातून एक लाल बी पडली. त्याचा राग ओळखून वैद्यबुवांनी न बोलता ती आत सरकवली होती. त्याने एका पारड्यात ती गुंज ठेवली, दुसऱ्यात वाल. वालाचं पारडं खाली बसलं ते बसलंच. मग त्याने वालाजवळ आणखी दोन वाल ठेवले. काल पोरीला दिले होते तेवढे.

बायको दारातून म्हणाली, "एकदा विचारलं असतंत, तर तोंड झिजलं असतं का हो तुमचं?"

त्या दिवसानंतर त्याने तराजू हातात धरला नाही आणि त्या घरात चिंचोक्यांचा आवाज पुन्हा झाला नाही.

तात्पर्य: नुसता आकडा पाठ असून भागत नाही; तो कोणत्या मापाचा, हे विचारायची ज्याला लाज वाटते, त्याच्या चुकीची किंमत दुसऱ्याचा जीव मोजतो.