झुबकेराव आणि कडू साल

झाड हिरड्याचं होतं की जांभळाचं, ते आता खात्रीने सांगवत नाही; पण फार पूर्वी सह्याद्रीच्या एका रानात झुबकेराव नावाचे शेकरू राहत, एवढं नक्की. शेकरू म्हणजे झाडावरची मोठी खार. बिबट्या पोहोचू नये म्हणून ती बारीक फांदीच्या टोकाशी घरटं बांधते. झुबकेराव मात्र फणस खाऊन इतके सुटले होते की फांदी त्यांच्याच भाराने कुरकुरू लागली होती.

बरं, अज्ञान म्हणावं तर तेही नाही. तिन्हीसांजेनंतर गोड खाऊ नये, रोज भरपूर उड्या माराव्यात, हे ते साऱ्या रानाला समजावत. गरे चघळत चघळतच.

शेवटी वानरवैद्यांनी भूक कमी करणारी कडू साल दिली.

"घेईन की," झुबकेराव म्हणाले, "पण आधी चार जणांना विचारतो."

थोड्याच दिवसांत जो तो सांगू लागला, "त्या सालीने शेपटी झडते म्हणे!"

"मग साल राहू द्या, फणस तरी सोडा," बायको पिंगा म्हणाली.

"अगं, फणस सुटावा म्हणूनच तर साल घ्यायची ना!"

त्याच संध्याकाळी फांदी मोडली. पिंगाने नवं घरटं पुन्हा टोकाशीच बांधलं. झुबकेराव खोडाजवळच्या जाड फांदीवर, बिबट्याच्या धास्तीने एक डोळा उघडा ठेवून झोपू लागले.

बऱ्याच वर्षांनी त्यांनी धनेश पक्ष्याला गाठलं. "शेपटी झडते, हे तुला सांगितलं कोणी?"

"तुम्हीच की, झुबकेराव! 'झडणार तर नाही ना?' असं रानभर विचारत फिरत होतात."