पाण्याला वाईट वाटेल

शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर माफ करा.

गावात आलेल्या तरंगमहाराजांनी सरपंचांना गोठवलेल्या पाण्याच्या स्फटिकांचे फोटो दाखवले. "पाण्यात अदृश्य शक्ती असते. टाकीवर 'प्रेम' लिहा, स्फटिक फुलासारखे होतात. जंतू मारायच्या पावडरीने पाणी दुखावतं."

सरपंचांनी लगेच पावडर बंद केली. पाणी सोडणारा गेनू मुलखाचा लाजरा, पण तो हादरला. मागच्याच साली बिनपावडरीच्या पाण्याने जुलाब होऊन गावातली पोरं आडवी झाली होती.

त्याने पेल्यात गटाराचं पाणी घेतलं, वर 'प्रेम' लिहिलेला कागद चिकटवला आणि तो पेला भर चावडीत महाराजांपुढे धरला. "घ्या, महाराज."

"शी! घाण मारतंय!"

"हळू बोला," गेनू पुटपुटला, "पाण्याला वाईट वाटेल."

चावडी खदखदली. सरपंचांनाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनूने टाकीत मापाने पावडर टाकली आणि मगच पाणी सोडलं.