विश्रामरावांचे चार शुक्रवार

वाळवंटातल्या एका मोठ्या शहरात एक भोळा बाप राहत होता. भोळा आपलं म्हणायचं. खरं तर नुसता बैल! मूळ गाव चिपळूण, नाव विश्राम, आणि विश्राम होता तो फक्त अकलेला.

शाळांना सुट्टी लागली तशी बायको सुलभा म्हणाली, "अहो, सुट्टीत चार शुक्रवार आहेत, आणि शुक्रवारी तुम्ही घरीच असता. मनी आणि तेजू एकदा तरी बाहेरून हसत घरी आली पाहिजेत. नाहीतर त्यांना घेऊन मी चिपळूणला जाते ती कायमची."

"एवढंच ना?" विश्राम म्हणाला.

पहिल्या शुक्रवारी त्याने मुलांना उंटावर बसवायला नेलं. भर दुपारी, जाडजूड काळे कपडे घालून! दोघं रडतच परतली.

"अहो, डोकं आहे की खोकं?" सुलभा कडाडली. "पातळ सुती सदरे घालायचे. सारखं डोक्यावर गार पाणी ओतायचं!"

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

केलं की! दुसऱ्या शुक्रवारी नेलं बर्फघरात. बाहेर माणसं भाजून निघतात आणि आत मशीनचा बर्फ पडतो, असली जागा. पोरांच्या अंगात पातळ सदरे, आणि बाप दर पाच मिनिटांनी डोक्यावर बाटली ओततोय. तेजूचे केस गोठून ताठ उभे राहिले. मनीला धड रडताही येईना, एवढे दात वाजत होते.

"अरे देवा! गारठ्यात लोकर घालतात हो! स्वेटर, मफलर, कानटोपी. नाक सोडून काही उघडं ठेवायचं नाही!"

"आधी नाही का सांगायचं? पुढच्या वेळी तसंच करतो."

तिसऱ्या शुक्रवारी घसरगुंड्यांचा तलाव. कानटोप्या घातलेली दोन गाठोडी घसरली आणि थेट तळाला गेली. शिट्टीवाल्याने उडी मारून बाहेर काढली. मनी खोकत "बाबा!" म्हणाली, तर हे महाशय विचारतात, "तू कुणाची गं?"

सुलभाने कपाळावर हात मारला. "पोटची पोरं ओळखत नाही तुम्ही! आता लाल टोप्या देते. लाल टोप्यांवर नजर ठेवा. एकही लाल टोपी मागे सोडून घरी यायचं नाही. कळलं?"

"त्यात काय कळायचंय?"

चौथा शुक्रवार, शेवटचा. मनीला मत्स्यालयात मोठा शार्क बघायचा होता. सुलभाने बॅग भरूनच ठेवली होती.

संध्याकाळी बेल वाजली. दारात विश्राम, छाती फुगवून. मागे जिन्यापर्यंत लाल टोप्याच टोप्या! कुठल्याशा सुट्टीतल्या शिबिराची अख्खी सहल.

"मोजून घे. बावीस. एकही मागे सोडली नाही."

"आणि आपली दोन?"

"यातच असतील. अगं, दोन बोडकी पोरं मात्र फार मागे लागली होती. टोपी टोचते म्हणे. सारखं 'बाबा, बाबा'! दम दिला, म्हटलं, आपापल्या बापाकडे जा!"

सुलभा तशीच जिन्याकडे धावली. तेवढ्यात जिन्यात हसण्याचा आवाज आला. मनी आणि तेजू उड्या मारत वर आली.

"आई, शार्क बघितला! किती वेळ! कुणीच पाणी ओतलं नाही!"

सुट्टीत पहिल्यांदाच मुलं हसत घरी आली होती. मत्स्यालयाच्या रखवालदाराचं बोट धरून.