बाकड्यावरचं अक्षर

"पण उस्ताद, यात चूक काय आहे तेवढं तरी सांगा!"

श्रीरंगचा आवाज चढला होता. कलाशाळेत पहिला आलेला पोरगा. 'नाही' ऐकायची सवय कुठली असणार?

दस्तगीर उस्तादांचा उभा जन्म मिरजेतल्या या दुकानात मैफलींचे फलक रंगवण्यात गेलेला. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि कागद पुन्हा पाहिला. फलकावर मोठं लावायचं अक्षर होतं ते. अरुंद, तिरकं, टोकांना नाजूक वळणं. पहिल्या नजरेला देखणंच.

"हे काढलंस का दाबलंस?"

"म्हणजे?"

"उभ्या रेघा उपाशी आहेत. आडव्या पोटभर जेवून बसल्यात."

श्रीरंग जरा ओशाळला.

"माझंच जुनं अक्षर घेतलं. कॉम्प्युटरवर दोन्ही बाजूंनी दाबलं, थोडं कलतं केलं. अरुंद ते अरुंद, तिरकं ते तिरकं. कुणाला कळतंय?"

उस्तादांनी कागद बाजूला ठेवला.

"तुम्ही दरवेळी नाहीच म्हणता. आजही नाही म्हणालात, तर सोडतो मी हे सगळं. माझ्या हातात अक्षरच नाही, असं समजतो."

हे मात्र म्हाताऱ्याला लागलं. पोरावर जीव होता त्यांचा, आणि पोराला तेवढंच ठाऊक नव्हतं.

"बस इथं."

श्रीरंग भिंतीलगतच्या बाकड्यावर बसला. उस्ताद शेजारी टेकले, खांदा लावून त्याला भिंतीशी रेटलं आणि शिवाय मान धरून एका बाजूला वाकवली.

"अहो उस्ताद! दुखतंय ना!"

"का रे? अरुंद झालास. तिरकाही झालास."

त्यांनी हात काढला आणि ते बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला सरकले. मोकळी जागा दिसताच दुकानातली म्हातारी मांजर वर चढली आणि दोघांच्या मधे खुशाल पसरली.

श्रीरंग रागातच होता. तरी त्यानं गुडघे जवळ घेतले, कोपर आवरलं. तिला धक्का लागू दिला नाही.

उस्ताद तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?"

ते पुन्हा बोलले. आणखी हळू.

मांजरीला सांभाळत, कान पुढे करत श्रीरंग त्यांच्याकडे कलला... तेव्हा कुठं ऐकू आलं.

"तुझ्यासारखा हात घेऊन माझ्याकडं आजवर कुणी आलं नाही रे, लेका."

श्रीरंगचे डोळे भरून आले. डोळे पुसायला तो ताठ होऊ लागला...

"हलू नकोस!"

उस्तादांनी कोरा कागद आणि पेन्सिल त्याच्यापुढं सरकवली.

"आत्ता बसलायस ना, कुणी न दाबता अरुंद, कुणी न वाकवता तिरका, तसंच काढ."