पांढऱ्या वाट्या

टेकडीच्या पोटातल्या त्या राज्यात वाऱ्याला आत यायची परवानगी नव्हती. राज्य मुंगसांचं होतं. फार पूर्वी एका झरोक्यातून साप आत शिरला, आणि तेव्हापासून सगळे झरोके चिखलाने लिंपून टाकलेले होते. मुंगसं आणि सापाला भिणारी! पण हसू नका, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या भीतीला तिथे शहाणपण म्हणत. दार एकच उरलं होतं, तेही येण्याजाण्यापुरतं उघडायचं आणि लगेच शिळा सरकवून लावून घ्यायचं.

पावसाळ्यात टेकडी पाणी पिऊन फुगायची आणि घराघरांतल्या भिंतींना ओल यायची. मग कोपऱ्यांतून काळी बुरशी चढू लागे. तिच्यावर पांढऱ्या मातीचा हात फिरवायचा, दारात वाळ्याचा पडदा टांगायचा आणि पाहुण्यांना ‘या, बसा’ म्हणायचं, अशी रीत. पाहुण्यानेही ‘वा, किती प्रसन्न वाटतं तुमच्याकडे!’ म्हणायचं. ‘तुमच्या घरात कुबट वास येतो’ यापेक्षा मोठी शिवी त्या राज्यात नव्हती. तेवढ्यावरून ठरलेल्या सोयरिकी मोडल्या होत्या.

तिथे भिवरा नावाची एक आई होती. तिच्या एकुलत्या पिल्लाला, रुंजीला, दम लागायचा. पुढच्या खोलीत खेळताना ती बरी असे. आतल्या खोलीत भिंतीकडेच्या अंथरुणावर टेकली की छातीतून शीळ वाजू लागे. वैद्यांनी काढे दिले आणि ‘जन्माचीच छाती नाजूक’ म्हणून हात झटकले. रुंजी दिवसेंदिवस सुकत चालली. ही हातची जाणार, या भीतीने भिवराचा जीव उडून गेला होता.

शेवटी ती दरबारात उभी राहिली. “महाराज, माझं लेकरू घरातल्या हवेनं आजारी आहे. ती हवा एकदा तपासा.”

 म्हाताऱ्या प्रधानजींना नेमकी तेव्हाच खोकल्याची उबळ आली. ती त्यांनी शेपटीत तोंड खुपसून जिरवली. महाराज मनाने वाईट नव्हते. त्यांनी हुकूम काढला, की घरोघरी वाटीभर भात उघडा ठेवावा आणि पौर्णिमेला दरबारात आणावा. ज्या घराची हवा वाईट, त्या घरच्या भातावर बुरशी उगवून दिसेल.

आता बघा काय झालं ते. राजाची वाटी घरी येणार म्हटल्यावर तिला चांगल्या जागी ठेवायला नको? लोकांनी तिचा पाहुण्यासारखा मान राखला. पुढच्या खोलीत, नुकत्याच सारवलेल्या भिंतीपाशी, वाळ्याच्या पडद्याजवळ ती बसवली. कोणी तिला पंख्याने वारा घातला, तर कोणी धूळ बसू नये म्हणून पान झाकलं. भात शिळा दिसू लागला तेव्हा काहींनी ताजा शिजवून घातला. फसवावं असं कोणाच्याही मनात नव्हतं हो, नीटनेटकी घरं होती ती.

भिवराने वाटी रुंजीच्या उशाशी ठेवली. शेजारची काकू कळवळून म्हणाली, “अगं, वेडी का तू? पुढे ठेव ना. चारचौघांत नाचक्की होईल.”

“रुंजी पुढे झोपत नाही, काकू,” भिवरा म्हणाली.

पौर्णिमेला दरबारात वाट्यांच्या रांगा लागल्या. सगळा भात पांढराशुभ्र. एकट्या भिवराच्या वाटीत काळी-हिरवी लव माजली होती. ती वाटी खाली ठेवताना भिवराला हायसं वाटलं. आता तरी पटेल यांना, असं तिच्या मनात आलं.

“महाराज, अभिनंदन!” प्रधानजी म्हणाले. “राज्याची हवा शुद्ध आहे. एक घर सोडून.”

“अहो, पण निजायच्या खोल्यांत ठेवा ना वाट्या!” भिवरा म्हणाली.

“म्हणजे आमच्या घरांतही बुरशी आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?”

दरबारभर संताप उसळला. महाराजांनी मान खाली घातली आणि निकाल दिला, की दोष पसरू नये म्हणून मायलेकींनी राज्याबाहेर जावं.

रुंजीला तोंडात धरून भिवरा निघाली. अपमानाने तिच्या डोळ्यांना धार लागली होती. दारावरच्या दौलूने शिळा सरकवली आणि भिवरा बाहेर समोरच्याच करवंदीच्या जाळीखाली जाऊन बसली. दौलूला शिळा लगेच लावून घ्यायचा हुकूम होता. तो थांबला.

“भिवराक्का, निजली का गं ती?”

“निजली.”

“आणि शीळ?”

भिवराने रुंजीच्या छातीला कान लावला.  “नाही वाजत, दौलूदादा.”

दौलूच्या घरीही पिल्लं होती. त्याने एकदा मागे, आतल्या अंधारात पाहिलं, आणि शिळेवरचा पंजा काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडं असल्याची वर्दी गेली, तसे प्रधानजी तरातरा आले. उंबऱ्यावर पिल्लं ओळीने झोपली होती, नाकं बाहेरच्या बाजूला करून. मागे त्यांच्या आया बसल्या होत्या. “उन्हाला बसलोय जरा,” एक म्हणाली. प्रधानजींनी शिळा लावण्याचा हुकूम द्यायला तोंड उघडलं, आणि त्यांची नजर ओळीच्या टोकाला गेली. तिथे त्यांचा नातू झोपला होता, तोंड मिटून, अगदी शिळेच्या वाटेत.