पल्याडची हाक

"सांगण्यासारखं काही घडलंच नाही, तर सांगायचं काय, बुवा?"

मुरलीधर देशमान्याने हेच मठाची पायरी चढताना विचारलं होतं, मग चहा घेताना. आता चहाही संपला होता. रिकामा कप तेवढा हातात राहिला होता.

गिरिबुवा ओसरीवर बसून वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"विचारतंय कोण?"

"सरकार. दुसरं कोण?"

मुरलीधरने शर्टाच्या खिशातून नोटीस काढली आणि बुवांच्या पुढ्यात ठेवली. वाऱ्याने उडू नये म्हणून वर कप ठेवला. बुवांनी तिला हात लावला नाही.

आता मुरलीधरचं दुखणं थोडं सांगायला हवं. त्याचा लाकडी घाणा. करडईचं तेल हवं म्हटलं की सगळा गाव देशमान्यांच्या दारात. आजोबांपासूनचा धंदा, थेंबाची भेसळ नाही, आणि हे तो भेटेल त्याला ऐकवायचा, कुणी न विचारता. जीएसटीचा नंबर काढलेला होता, आणि दर महिन्याचं रिटर्न त्याची बायको मालन भरायची. रात्रीच्या भाकरी झाल्या की हात पुसून मोबाइल घेऊन बसायची. ओटीपी तिच्याच फोनवर यायचा.

संक्रांतीनंतर मालन गेली. घाणा थांबला. तिचा फोन कपाटात गेला, साड्यांच्या घडीखाली.

खरेदी नाही, विक्री नाही, मग रिटर्न कसलं? मुरलीधर असंच धरून चालला, आणि तिथंच चुकलं. धंदा शून्यावर आला, तर शून्यावर आला असं दर महिन्याला कळवावं लागतं. न कळवणाऱ्याचा नंबर रद्द होतो. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत उद्या संपत होती. नंबर गेला, की तालुक्याचे दुकानदार त्याच्या तेलाचा डबा उतरवून घेणार नव्हते. म्हणजे घाणा कायमचाच बसला.

"वकील काय म्हणतो?" बुवांनी विचारलं.

"म्हणतो, काका, निल रिटर्न टाकत जायचं होतं, पाच मिनिटांचं काम. मागचं सगळं भरा, उत्तर द्या, सुटाल."

"मग भर की."

"का भरू? चोरी केली मी? काही दडवलं? ज्यानं काही केलंच नाही त्यालाच विचारतात, कळवलं का नाही म्हणून! रद्द करा म्हणावं. घ्या तुमचा नंबर." तो थांबला. "मीही कंटाळलोय, बुवा."

हे शेवटचं फार हळू आलं.

"घाणा थांबला, तुझं तोंड तेवढं थांबलं नाही," बुवा म्हणाले.

एरवी मुरलीधर हसला असता.

"मालनचा फोन लावलास चार्जिंगला?"

"नाही."

"का रे?"

"लावून काय करू? त्यात काय लिहू? शून्य?" त्याने नदीकडे तोंड फिरवलं. "तिच्यामागं शून्य… असं लिहून पाठवू सरकारला?"

बुवांनी नवी वात घेतली.

दिवेलागण होत आली होती. नदी अंधारायला लागली होती. आणि पल्याडून रोजच्यासारखी हाक आली.

"बुवाऽऽऽ!"

हे अमीनचाचा. पूल व्हायच्या आधी इथली होडी त्यांची. एका वर्षी महापुरात मठाभोवती पाणी चढलं, तेव्हा ते रोज संध्याकाळी पल्याडून हाक मारून बघायचे, बुवा आहेत की वाहून गेले. इकडून बुवा ओरडायचे, "आहेऽऽ!" पूर ओसरला, हाक राहिली. पूल झाला, होडी खुंटीला लागली, चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, तरी हाक राहिली. एक "बुवा", एक "आहे", की दोघं आपापल्या घरात. काठावरच्या बायका त्या आवाजावर कुकर चढवायच्या.

"बुवाऽऽऽ!"

बुवा वात वळत होते.

"बुवा, चाचा बोलावतायत," मुरलीधर म्हणाला.

"ऐकलं."

"मग?"

…

"बुवाऽऽ! अहो बुवाऽऽ!"

आता हाकेत काळजी होती. मुरलीधर उठून उभा राहिला. "ओ द्या की हो! त्यांना दिसत नाही तिकडून."

बुवांनी ओठ घट्ट मिटले होते. मांडीवरची वात पिळून पिळून सुतळीसारखी झाली होती.

पल्याड काहीतरी खडखडलं. साखळी. मग लाकूड वाळूवर घासल्याचा आवाज. मुरलीधरने डोळे ताणून पाहिलं. गुडघे धरून चालणारा तो म्हातारा होडी पाण्यात ढकलत होता. एकटा. वल्हं मारायला खांदा उचलत नाही असं ज्याने मागच्या उरुसात सगळ्यांना सांगितलं होतं, तो आत बसला आणि होडीचं नाक सरळ धारेकडे केलं. वरच्या बंधाऱ्याचं पाणी सोडलेलं होतं. होडी आडवी व्हायला लागली.

"बुवा!"

बुवा गप्प.

मग मुरलीधर पळाला. पायऱ्या उतरून, चपला तिथंच टाकून, विजारीसकट पाण्यात. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून त्याने तोंडाभोवती हात धरले.

"चाचाऽऽ! फिरा मागंऽऽ! बुवा आहेतऽऽ!"

वारा उलटा होता. होडी येतच होती.

"काही नाही झालंऽऽ! चाचाऽऽ! काही नाहीऽऽ!"

आवाज फाटला. तरी तो ओरडत राहिला. "काही नाही… काही नाही हो चाचा…" संक्रांतीपासून जो मालनबद्दल कुणाशी धड चार शब्द बोलला नव्हता, तो नदीत उभं राहून एकच सांगत होता, आणि सांगता सांगता त्याचे गाल ओले झाले. पाणी तर गुडघ्यापर्यंतच होतं.

होडी थांबली. अंधारातून चाचांची धाप ऐकू आली, आणि मग शिवी.

"मग बुवाच्या तोंडात काय गुळणी हुती काय रे? जीव निघाला हितं माझा!"

होडी वळली. हळूहळू पल्याडला लागली. साखळी पुन्हा खडखडली, तेव्हा कुठं मुरलीधर पाण्याबाहेर आला.

तो तसाच ओला पायऱ्या चढला. ओसरीवर नोटीस कपाखाली तशीच होती. बुवांसमोर तो कधी आवाज चढवायचा नाही, आज चढला.

"ही कुठली रीत झाली, बुवा? म्हातारा बुडाला असता! तुम्ही इथं धडधाकट बसलेले. एक 'आहे' म्हणायला तुमचं काय जात होतं?"

बुवांनी ती पिळवटलेली वात निरांजनात ठेवली. काडी ओढली. विझली. पुन्हा ओढली तेव्हा वात पेटली, आणि त्या उजेडात बुवांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं रे, मुरली."