वाघ नसतानाची धडधड

सागाच्या एका जुन्या रानात, नाल्याच्या अलीकडच्या काठाला, चितळांचा एक कळप राहत असे. बाळांनो, चितळांची एक रीत आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं सगळं नीट समजेल. चितळाला वाघाची चाहूल लागली की ते पुढचा पाय जमिनीवर आपटतं आणि शेपटी वर करतं. एकाने पाय आपटला की बाकीच्यांनी काही विचारायचं नाही, पळत सुटायचं. विचारायला थांबलेलं चितळ पुन्हा काही विचारायला उरत नाही. म्हणून पाय खोटा आपटणं, याच्याएवढा मोठा गुन्हा त्या कळपात दुसरा नव्हता.

या कळपात एक चितळीण होती आणि तिला एक तरणी लेक होती. लेक कळपाची राखणदार. बाकीची खाली मान घालून चरत, तेव्हा ती टेकाडावर उभी राहून रान न्याहाळत असे. आईला तिचा भारी अभिमान. शेजारणीबरोबर चरता चरता ती हळूच विषय काढायची, "माझी पोर बघितलीस का? पान पडलं तरी कान फिरतो तिचा."

"बघितली गं बाई, रोजच दाखवतेस की!" शेजारीण म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

पुढे पुढे लेक जरा जास्तच सावध होऊ लागली. कधीपासून, ते कुणालाच नीट सांगता येणार नाही. वाघाने तिला धरलं नव्हतं की ओरबाडलं नव्हतं. काही दुखणी अशीच येतात, वर्दी न देता. दुपारी सगळी चितळं सावलीत बसून रवंथ करत, डोळे अर्धवट मिटत. ही आपली उभीच. आई म्हणायची, "ये गं, बस जरा टेकून." लेक म्हणायची, "तू बस. मला नाही बसवत." आईला वाटे, काय ही जबाबदारीची जाण! मोहाची फुलं पडू लागली, सगळा कळप त्यांच्यावर तुटून पडला. लेकीने एखाददुसरं फूल हुंगलं आणि सोडून दिलं. आईला वाटे, कामापुढे पोरीला खाणंसुद्धा सुचत नाही. पाडसं लाडाने अंगाशी आली तर ही वसकन अंगावर जाई, आणि हीच पूर्वी त्यांना चाटून चाटून झोपवत असे. पाणवठ्यावर जायची वेळ झाली की हिला नेमकं काहीतरी काम निघे. "तुम्ही व्हा पुढे, मी मागची बाजू बघते," म्हणे, आणि मग एकटीच नाल्यातल्या डबक्यातलं गढूळ पाणी कसंबसं पिऊन येई.

आईने हे सगळं पाहिलं. पण कौतुकाने पाहिलं, म्हणून तिला ते दिसलं नाही.

मग पाय आपटणं सुरू झालं. वाळकं पान घरंगळलं, आपटला पाय. मोर उडाला, आपटला पाय. काहीच झालं नाही, तरीही आपटला. दर वेळी सगळा कळप जिवाच्या आकांताने पळे, आणि धापा टाकत मागे वळून बघावं तर रान शांत. मोहाच्या झाडावर एक म्हातारा वानर राहत असे. वाघ दिसला की वरून ओरडून सांगायचं काम त्याचं. तो डोकं खाजवत विचारी, "अहो, कुठे निघाली वरात? वाघ असता तर मी असा पाय सोडून फुलं खात बसलो असतो का?"

एकदा असंच पळताना एक लहानगं पाडस नाल्याच्या कडेवरून घसरलं आणि त्याचा पाय मुरगळला. ते रडू लागलं, त्याची आई रडू लागली. आणि वाघ तर नव्हताच. मग मात्र कळपाच्या म्होरकीने सगळ्यांना गोळा केलं. ती जुनी, जाणती चितळीण होती आणि रागावली की आवाज चढवत नसे.

"पोरी, तुला वाघ दिसला होता?"

लेकीने नाही म्हणून मान हलवली.

"वास आला होता?"

लेकीने पुन्हा तशीच मान हलवली.

"सांगून टाक की," मागून एक तरणा नर म्हणाला, "टेकाडावर उभं राहून सगळ्यांना पळवायला मजा येते म्हणून. राणीसरकार झाल्यासारखं वाटत असेल!"

"माझी लेक खोटी नाही!" आई पुढे आली.

"मग वाघ दाखव," म्होरकी म्हणाली. "पाय आपटला म्हणजे वाघ आहे. वाघ नाही म्हणजे पाय खोटा. यात तिसरं काही आपण आजवर पाहिलेलं नाही. ऊन टेकडीवरून उतरलं की हिने कळप सोडायचा."

एकट्या चितळाचं रानात काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आई लेकीला घेऊन मोहाच्या झाडाखाली आली. काकुळतीला येऊन म्हणाली, "मला तरी खरं सांग. का आपटलास पाय?"

"मला माहीत नाही, आई."

आईला आधी रागच आला. पण लेकीचं तोंड एवढंसं झालेलं बघून तिने, पोर लहान असताना ठेवायची तशी, आपली मान तिच्या मानेवर ठेवली. आणि ती दचकली. लेकीचं काळीज असं उडत होतं, जसं वाघाच्या तावडीतून सुटून आलेल्या चितळाचं उडतं. श्वास आखूड, वरच्या वर. अंग घामेजलेलं. चारही पाय बारीक थरथरत होते. आणि गंमत बघा, ही तर कधीची एका जागी उभी होती!

आईने वर पाहिलं. "वानरदादा, आसपास काही आहे का हो?"

"काही नाही, बाई. त्या कपारीत एक साळिंदर घोरतंय, तेवढंच."

"मग हिचं काळीज असं का धडधडतंय?"

वानराच्या हातातलं फूल हातातच राहिलं. तो खालच्या फांदीवर उतरला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "पोरी, हे असं कधी होतं तुला?"

"सारखंच."

"वाघाची चाहूल लागली की?"

"न लागताच. सकाळी डोळे उघडायच्या आधीच सुरू असतं. पोटात गोळा येतो, घास उतरत नाही. मान आणि खांदे दगडासारखे होतात. डोळा लागला तरी लगेच दचकून उघडतो. आणि कधी कधी एकदम वाटतं, श्वास संपला, आता मी मेलेच. तेव्हा पाय आपटतो. मी नाही गं आपटत, आई. तो आपटतो."

"वाघ नाही हे कळल्यावर थांबतं?" वानराने विचारलं.

"कळतं मला, नाही म्हणून. तरी थांबत नाही."

"अगं, मग बोलली का नाहीस माझ्याजवळ?" आई म्हणाली.

लेक खाली बघत म्हणाली, "तू सगळ्यांना सांगत होतीस ना, माझी लेक कशी सावध आहे ते."

आई लेकीचा कान चाटत राहिली, बराच वेळ.

वानर म्हणाला, "माझ्या धाकट्या बहिणीला झालं होतं हे. एका फांदीवरून दुसरीवर उडी मारेना. आम्ही तिला आळशी म्हणायचो, ऐदी म्हणायचो. मोठ्या टोळीतल्या एका जाणत्या वानरिणीने आम्हाला ओळखायला शिकवलं. वाघाची भीती वाघ गेला की उतरते. जी उतरतच नाही, दिवसांमागून दिवस अंगात ठाण मांडून बसते आणि खाणं, झोप, हिंडणं-फिरणं सगळं अडवून धरते, ते दुखणं असतं. पाय मुरगळतो ना, तसंच. आणि त्याला उपाय असतो."

"बरी झाली तुमची बहीण?"

"आता माझ्या हातातलं फळ हिसकावून पळते. फार बरी झाली म्हणायची!"

ऊन टेकडीवरून उतरायला लागलं तसा कळप जमला. आईला वाटलं, आपणच बोलावं. पण लेक म्हणाली, "मी सांगते." ती सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पाय असे लटपटत होते की दुरूनही दिसावेत. तरी अडखळत तिने सगळं सांगितलं. पोटातला गोळा, न येणारी झोप, चुकवलेला पाणवठा, आपोआप आपटणारा पाय. आणि मुरगळलेल्या पाडसाच्या आईकडे वळून म्हणाली, "तुझ्या बाळाला माझ्यामुळे लागलं. मला फार वाईट वाटतं, मावशी."

बाळांनो, त्या कळपात "मला वाघ नसताना भीती वाटते" हे आजवर कुणी उच्चारलेलं नव्हतं. टेकाडावर ताठ उभ्या असलेल्या लेकीचं आईने किती कौतुक केलं होतं! पण आज ती अशी लटपटत, अडखळत बोलत होती आणि आईची छाती अभिमानाने भरून आली. तिला वाटलं, खरी माझी लेक ही.

तरणा नर म्हणालाच, "वाघ नाही आणि काळीज धडधडतं? असं कुठे असतं का?"

"म्होरकी, तू स्वतः ऐक," आई म्हणाली.

म्होरकी पुढे आली. तिने लेकीच्या छातीला कान लावला. वर झाडावर वानर निवांत फुलं खात होता, रानात कसलीही हालचाल नव्हती, आणि म्होरकी ऐकतच राहिली. मग तिने मान वर केली.

"शेपटी खोटी वर करता येते," ती म्हणाली, "पाय खोटा आपटता येतो. काळजाला असं धावायला कुणी सांगू शकत नाही. आपण पळतो आणि थांबतो. ही पोर उभ्या जागी पळतेच आहे, कितीतरी दिवस, आणि आपल्यातल्या एकालाही दिसलं नाही. चूक माझी. ही कुठेही जाणार नाही." मग ती तरण्या नराकडे वळली. "या राजे, तुमचंही ऐकते."

तो चटकन मागे सरला. सगळा कळप हसला, पाडसाची आईसुद्धा डोळे पुसत हसली आणि लेकीला म्हणाली, "बरी हो गं लवकर."

त्या दिवसापासून राखणीच्या पाळ्या लागल्या. लेकीचा पाय आपटला की सगळे आधी मोहाकडे बघत. वानर गप्प असला की कुणी पळत नसे, उलट तिच्याभोवती येऊन उभे राहत. श्वास आत घ्यायची घाई न करता तो हळूहळू बाहेर कसा सोडायचा, हे वानराने तिला शिकवलं. पाणवठ्याची वाट आई तिच्याबरोबर चाले. आज बांबूच्या बेटापर्यंत, मग वारुळापर्यंत. एखाद्या दिवशी वारुळापर्यंत जाऊन दोघी तशाच मागे येत. आई म्हणे, "असू दे. वारूळ काही पळून जात नाही." काही दिवस बरे जात, काही अगदी वाईट. पण एका सकाळी लेकीने पाणवठ्याच्या नितळ पाण्यात तोंड घातलं आणि पोट भरून पाणी प्यायली. आई बाजूला उभी राहून नुसती बघत होती. स्वतः प्यायचं विसरलीच.

पुढे दिवस पालटले. एका दुपारी पलीकडच्या कळपातला एक शिंगाळा नर नाला ओलांडून आला. मोहाच्या सावलीत लेक पाय पोटाशी घेऊन, मान कुशीत वळवून पडली होती. नर मोठ्याने म्हणाला, "हीच का तुमची राखणदार? भर दुपारी झोपली? आमच्याकडे राखणदार डोळा मिटत नाही!"

आई त्याच्या आणि लेकीच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"हळू बोला, पाहुणे. सकाळची राखण तिनेच केली. मग स्वतःहून म्हणाली, आई, आता तू बघ, मी जरा पडते." आणि मान अशी उंच करून, की शिंगं नसूनही ती त्या नराहून उंच दिसावी, तिने सांगितलं, "माझी लेक झोपली आहे."

तात्पर्य, बाळांनो, एवढंच : ज्याची भीती कारण नसतानाही उतरत नाही आणि त्याची भूक, झोप, हसणं घेऊन जाते, त्याला भित्रा किंवा खोटारडा म्हणू नये, जवळ जाऊन त्याचं काळीज ऐकावं आणि त्याला जाणत्याकडे न्यावं. आणि तसं आपल्याच बाबतीत झालं, तर ते ताठ मानेने सांगावं.